उरलेल्या एकवीस सुया

रिपोर्ट आत्यांनी उभ्यानेच वाचला. तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका असलेल्या बाईला निकाल बसून वाचणं जमलंच नसतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कागद हातभर लांब, आणि प्रत्येक अवघड शब्दाला मागच्या बाकावरच्या पोराला द्यावा तसा दम. असं करत करत त्या शेवटच्या ओळीपाशी आल्या आणि मुद्दाम थांबल्या.

"ताई, वाच की पुढे," पलंगावरून त्यांचे धाकटे भाऊ, मिस्त्री, म्हणाले. "वाट बघून टाके उसवतील माझे."

"आतड्याजवळच्या अठरा ग्रंथी तपासल्या," आत्या म्हणाल्या. "अठरापैकी एकीतही कॅन्सर नाही. कापलेल्या दोन्ही कडा स्वच्छ. सगळं निघालं!"

मग जो गलका झाला, तो खालच्या मजल्यावर नक्की ऐकू गेला असणार. थोरला मुलगा, जो आई गेली तेव्हाही चारचौघांत रडला नव्हता, तो गॅलरीत जाऊन वाळत घातलेल्या टॉवेलात तोंड खुपसून उभा राहिला. धाकटा रेडिओवर बोलणारा. त्याला आनंद झाला की आवाज चढतो. हॉस्पिटलातून दिलेलं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र, तीन चेंडूंचं, त्याने माइकसारखं तोंडासमोर धरलं आणि "श्रोतेहो, बारा दिवसांपूर्वी आमच्या वडिलांच्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून टाकण्यात आला," अशी बातमीच द्यायला सुरुवात केली. ते यंत्र श्वास आत ओढून चेंडू वर उचलण्यासाठी असतं, दिवसातून दहा वेळा. त्याच्यावरची धूळ बघता चेंडू बरेच दिवस खालीच बसून होते.

ही धूळ दिसली ती एकट्या थोरल्या सुनेला. ती दारातच उभी होती, खांद्यावरची पिशवी अजून खाली ठेवली नव्हती. कापड गिरणीच्या दोन मालवाहू लिफ्ट बसवायला ती चार दिवस परगावी गेली होती आणि आत्ताच पोचली होती. घर लिफ्टवाल्यांचं. सासऱ्यांनी, म्हणजे मिस्त्रींनी, चाळीस वर्षांत अर्ध्या शहराला वर-खाली केलेलं. सून मात्र या घरात लग्नाच्या आधी कामाला म्हणून आली. तिला पाना धरायला मिस्त्रींनीच शिकवलं, आणि तपासल्याशिवाय कुठलाही बोल्ट घट्ट आहे असं मानायचं नाही ही तिची खोड बघून 'इन्स्पेक्टर' हे नावही त्यांनीच ठेवलं. घरात तेच चालू राहिलं. थोरलासुद्धा चिडला की तिला इन्स्पेक्टर म्हणायचा.

"या इन्स्पेक्टर!" मिस्त्रींनी हात वर केला. "पास झालो!"

ती धावत जाऊन त्यांच्या पायाशी बसली आणि पांघरुणावरूनच तिने त्यांचे गुडघे घट्ट धरले. मिस्त्री हसत होते. पण तिचा हात डाव्या पोटरीला लागला तसे ते किंचित मागे सरकले. इतकं किंचित, की दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

"काय झालं?"

"काही नाही. पाय मुडपला होता."

"रिपोर्टबरोबर आणलेला केक कापा आता," धाकटा ओरडला. "वहिनी, सुरी आणा!"

सुरी खणात असते म्हणून तिने स्वयंपाकघरातला वरचा खण ओढला. शेजारच्याच कप्प्यात इंजेक्शनचा खोका होता. सुरी उचलताना कोपर लागून खोका सरकला आणि आतल्या सुया खुळखुळल्या. ज्या माणसाने आयुष्य आवाजांवर काढलंय त्याला भरलेल्या खोक्याचा आवाज आणि रिकामा होत आलेल्या खोक्याचा आवाज वेगळा कळतो. तिने झाकण उघडलं.

ही इंजेक्शनं रक्त गोठू नये म्हणून होती. कॅन्सरचं एवढं मोठं ऑपरेशन झालं की रक्तात गुठळ्या व्हायचा धोका असतो, आणि तो घरी आल्यावरही काही आठवडे राहतो, असं सर्जनबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. अठ्ठावीस दिवस, रोज एक, पोटाच्या कातडीत. पाच हॉस्पिटलात झाली. तेवीस बरोबर दिली. घरी पहिले दोन दिवस तिने स्वतः टोचली आणि मग गावाला गेली. दोन आणि चार सहा. तेविसातून सहा गेल्या, सतरा उरायला हव्या होत्या.

तिने दोनदा मोजल्या. एकवीस होत्या.

ती खोका घेऊनच बाहेर आली. केकपाशी सगळे थांबले होते.

"चार दिवस बाबांना इंजेक्शन दिलेलं नाही," ती म्हणाली.

"असं कसं?" आत्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "तू देत होतास ना?"

"मी?" थोरला गॅलरीतून आत आला. "बाबा म्हणाले, ताई देतेय."

"मला म्हणाला, थोरल्याने दिलं!"

"आणि मला रोज फोनवर म्हणाले, झालं, दिलं," इन्स्पेक्टर म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलेल्या चालायच्या सहा फेऱ्या मारल्या, हेही म्हणाले."

सगळे पलंगाकडे वळले. मिस्त्री छताकडे बघत होते, जणू वर काही दुरुस्ती निघाली आहे.

खरं ते हळूहळू बाहेर आलं. पहिल्या संध्याकाळी थोरल्याने सुई हातात धरली तेव्हा त्याचा हात असा काही कापायला लागला की सुई चादरीत घुसली. लिफ्टच्या वीस मजली खड्ड्यात लोंबकळत काम करणारा गडी, पण वडिलांच्या पोटासमोर त्याची पाचावर धारण बसली. मिस्त्रींनी पोराची ही फजिती बाहेर फुटू दिली नाही. "राहू दे, हे तुझं काम नाही, ताई देईल," म्हणाले. आणि ताईला सांगितलं, थोरला देतो. एकदा सांगितलं म्हणजे मग रोज तेच सांगत जाणं आलं.

या घराची ही जुनीच रीत. लिफ्ट मध्येच अडकली की आत माणसं घाबरलेली असतात. मिस्त्रीने बाहेरून एकच वाक्य बोलायचं: काही नाही, दोन मिनिटं. ब्रेक घसरत असो की मोटर जळालेली असो, आतल्या माणसाला ते कळता कामा नये. धंद्यात ही रीत सोन्यासारखी. पण या लोकांनी ती घरी आणली. कुणाला नोकरीवरून काढलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाला रक्त पडतंय, काही झालं तरी घरभर एकच उत्तर: काही नाही, दोन मिनिटं. मिस्त्रींनी स्वतः संडासातून रक्त जातंय हे सात महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"चुकलं ते चुकलं," आत्या म्हणाल्या. त्यांनी सुरी हातात घेतली. "आजचं संध्याकाळी दे. रिपोर्ट इतका छान आलाय, त्यात चार सुयांचं काय घेऊन बसलीस? फेऱ्यांचं म्हणशील तर मीच त्याला उठू दिलं नाही. पोट शिवलेला माणूस आहे तो."

"आत्या, पायमोजे कुठे आहेत त्यांचे? ते घट्ट, पांढरे?"

"मी काढले. डाव्या पायाला काचत होते. पाय भरून आल्यासारखा वाटतोय म्हणत होता कालपासून. आत्ता तेल कोमट करून चोळून देणार होते तेवढ्यात रिपोर्ट आला."

इन्स्पेक्टर पलंगाकडे गेली आणि विचारलंही नाही, पांघरूण सरळ वर केलं. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसत होती. पण दिसण्यावर ती कधीच विसंबत नसे. तिने पिशवीतून ओळंब्याची दोरी काढली, उजव्या पोटरीभोवती गुंडाळली, जिथे टोक आलं तिथे पेनाने खूण केली. मग तीच दोरी डाव्या पोटरीभोवती, गुडघ्यापासून तेवढ्याच अंतरावर. टोक खुणेपर्यंत पोचेना. दोन बोटं कमी पडली.

"कातडी गरम लागतेय," ती म्हणाली. "बाबा, दम लागतो का? छातीत दुखतं?"

"छे. काही नाही."

हॉस्पिटलच्या कागदावर खाली लाल चौकटीत एक नंबर होता. तिने लावला. वॉर्डातल्या सिस्टरने सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "पाय अजिबात चोळू नका. लगेच घेऊन या. खुर्चीवर बसवून आणा, पण आणा. आणि वाटेत दम लागला तर तसं मला फोनवर कळवा, आम्ही खाली तयार राहतो."

"चला," इन्स्पेक्टर म्हणाली.

कुणी हललं नाही.

आत्या पलंगासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात अजून केकची सुरी होती, तिचा त्यांना विसर पडला होता. "त्याला कुठेही हलवायचं नाही. डॉक्टरला इथे बोलाव."

"इथे सोनोग्राफी कशी होणार, आत्या?"

"तू नवीन आहेस या घरात."

नऊ वर्षं झाली होती. पण आत्यांना नवीन म्हणजे कुठल्या काळानंतरचं म्हणायचं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्या-धाकट्याची आई अकरा वर्षांपूर्वी गेली. गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, घरी आली, आणि नवव्या दिवशी पलंगावरून उठून बाथरूमकडे निघाली ती चार पावलांवर कोसळली. आत्यांनी तिला ते नऊ दिवस तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. पाणीसुद्धा चमच्याने. आणि फक्त त्या एका सकाळी आत्या खाली दूध आणायला गेल्या होत्या. "मी नव्हते म्हणून ती उठली. उठली म्हणून गेली." हे वाक्य या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की आता त्याला कुणी उत्तर देत नसे.

"एकदा मी पाठ फिरवली," आत्या म्हणाल्या. "पुन्हा नाही फिरवणार. पायाला सूज आली तर पाय वर ठेवायचा, झोपून राहायचं. एवढं साधं आहे."

"आत्याचं बरोबर आहे," थोरला म्हणाला. चार दिवसांच्या सुयांचा भार त्याच्या मानेवर होता, आणि असा माणूस ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे जाऊन उभा राहतो. "आज रविवार आहे. उद्या सकाळी नेऊ."

"तू काय म्हणतोस?" इन्स्पेक्टरने धाकट्याला विचारलं.

धाकटा जन्मभर आत्यांचा लाडका. तो आत्यांकडे बघत म्हणाला, "मला वाटतं, वहिनी जरा..." आणि मग त्याची नजर वडिलांच्या पायाशी पडलेल्या दोरीवर गेली. खूण इथे, टोक तिथे. "मी गाडीची किल्ली आणतो," तो म्हणाला.

"तू थांब!" आत्यांचा आवाज शाळेच्या मैदानापर्यंत जाणारा होता. धाकटा दारातच थांबला, तिसरीतला असल्यासारखा.

मिस्त्री गोड हसले. हे हसू इन्स्पेक्टरने पन्नासदा बघितलं होतं, अडकलेल्या लिफ्टच्या दाराबाहेर. "कशाला भांडता? जरा डुलकी काढतो, उतरेल सूज. काही नाही, दोन..."

"बाबा, मी पॅसेंजर नाही."

सासऱ्यांशी ती या सुरात कधी बोलली नव्हती.

"माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही मला मशीनरूममध्ये नेलंत," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, पण तिने तो आवरला नाही. "म्हणालात, खाली दाराशी हवं ते सांग. पण इथे वर आलीस की एकमेकांपासून तसूभर लपवायचं नाही. इथे लपवलं की माणूस मरतो. अर्धीच रीत घरी का आणलीत? आम्ही सगळे तुमच्याबरोबर वर मशीनरूममध्येच आहोत. सांगा ना काय होतंय ते! मला तुम्ही हवे आहात. ग्रंथी स्वच्छ निघालेल्या त्या कागदाचं मी काय करू?"

मिस्त्रींचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग बहिणीकडे. बहिणीकडे खूप वेळ पाहिलं. पोटावर हात धरून ते उशीवर थोडे वर सरकले.

"पाय परवापासून ठणकतोय," ते म्हणाले. "जमिनीला टेकवला की पोटरीत कळ येते. आणि मला माहीत आहे हे काय आहे."

"तुला काय माहीत?" आत्या म्हणाल्या.

"ताई, बस जरा."

"मी उभीच बरी आहे."

"ही उठली म्हणून गेली नाही, ताई." मिस्त्रींनी बायकोचं नाव घेतलं नाही, या घरात 'ही' म्हटलं की पुरत असे. "नऊ दिवस झोपून होती म्हणून गेली. पायात गुठळी झाली होती. ती सुटली, फुप्फुसात जाऊन बसली. डॉक्टरांनी त्याच दुपारी मला बाजूला घेऊन सांगितलं."

आत्यांच्या हातातली सुरी थोरल्याने हळूच काढून घेतली. त्यांना ते समजलंही नाही.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या.

"तू नऊ दिवस तिच्या उशाशी होतीस. एक रात्र पाठ टेकली नव्हतीस. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?" मिस्त्रींचे डोळे वाहायला लागले होते. "वाटलं, दुधाचं खूळ घेऊन बसलीय ते बरं आहे. त्यात जगता येतं. आणि आता तू मलाही तसंच झोपवलंस. मला कळत होतं ताई, रोज कळत होतं. पण उठायचं म्हणजे तुला कारण सांगावं लागलं असतं. म्हटलं, जाऊ दे. निघेल वेळ."

थोरला मटकन खुर्चीत बसला. धाकटा दाराची चौकट धरून उभा. आईचं मरण अकरा वर्षांनी दुसऱ्यांदा घरात आलं होतं, आणि कुणाला कुणाकडे बघायचं सुचत नव्हतं. इन्स्पेक्टरला वाटलं, आत्या आता कोसळतील. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, सावरायला.

आत्या कोसळल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. भावाकडे बघून त्या म्हणाल्या, "मूर्ख आहेस. नंतर बोलते तुझ्याशी." मग खोलीभर नजर फिरवली. "गाडी कोण काढतंय? आणि तू," हे थोरल्याला, "चाकाची खुर्ची शेजारच्यांकडे आहे, त्यांच्या आईची. धावत जा. सूनबाई, कागद सगळे घे. उरलेल्या सुयाही घे, त्यांनाही कळू देत आपण काय दिवे लावले."

पंधरा मिनिटांत ते रस्त्याला लागले.

---

हॉस्पिटलात मिस्त्रींना सरळ आत नेलं. आधी पायाची सोनोग्राफी, मग रक्त, मग छातीचा स्कॅन. बाहेरच्या बाकावर चौघं ओळीने बसली. भिंत पिवळी, घड्याळ मोठं, आणि समोरची लिफ्ट दर वेळी थांबताना हलका धक्का देत होती. थोरला आणि इन्स्पेक्टर दोघांनीही तो ऐकला, दोघांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"माझा हात कापला," थोरला मध्येच म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "तुला फोन करून सांगायला हवं होतं, मला जमत नाही म्हणून. एक फोन. पण लाज वाटली."

"मला सांगितलं असतंस तर मी सिस्टरना घरी पाठवलं असतं," इन्स्पेक्टर म्हणाली.

"माहीत आहे."

"मग आता पुढच्या वेळी सांग." एवढं बोलून तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

धाकटा कॉफी आणायला म्हणून उठला, आणि थोरल्यालाही त्याने बरोबर ओढून नेलं. बाकावर दोघीच उरल्या. आत्या ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

"मीच मारलं तिला," त्या म्हणाल्या.

इन्स्पेक्टरच्या ओठांवर आलं होतं: असं नका म्हणू, तुमचा काही दोष नाही. ते शब्द तयारच होते, अगदी मऊ, दोन मिनिटांवाले. तिने ते गिळले.

"झोपवून ठेवायला नको होतं," ती म्हणाली. "त्याने झालं, हे खरं आहे. पण तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तिला काठी घेऊन फिरवलं असतं. हेही खरं आहे."

आत्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच असं, मोजल्यासारखं.

"आता बोललीस," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. आवाज न करता, ताठ बसूनच, बराच वेळ. इन्स्पेक्टर त्यांच्याजवळ सरकली आणि पर्स आपल्या मांडीवर घेतली, म्हणजे त्यांचे हात मोकळे होतील. मग तिला स्वतःलाही रडू आलं.

दार उघडून सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा पोरंही परत आली होती. चार कप कॉफी आणि चार पांढरे चेहरे.

"गुठळी आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "गुडघ्याच्या मागे, डाव्या पायात."

थोरल्याने डोळे मिटले.

"पायातच आहे. छातीत एक कणही गेलेला नाही. फुप्फुसं दोन्ही स्वच्छ." त्या हसल्या. "औषधाचा मोठा डोस सुरू केलाय. आतड्याचा सांधाही छान जुळलाय, ताप नाही, काही नाही. खरं सांगू? परवा-तेरवा आला असतात तर आपण कदाचित वेगळं बोलत असतो. कुणी ओळखलं हे?"

"दोरीने मोजलं हिने," आत्या म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो काढायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं. "आमची इन्स्पेक्टर आहे ही."

धाकट्याने असा काही आरोळीवजा आवाज काढला की वॉर्डातून सिस्टर धावत आली. थोरल्याने भावाला कवेत घेतलं, कॉफी दोघांच्याही शर्टवर सांडली, आणि दोघं तसेच भिजलेले हसत राहिले. ग्रंथी स्वच्छ निघाल्याचा आनंद सकाळी मोठा वाटला होता. आत्ताच्या आनंदापुढे तो काहीच नव्हता.

"चोळायचं नाही, झोपवून ठेवायचं नाही," सर्जनबाई आत जाता जाता म्हणाल्या. "पहिला डोस गेलाय, पायाला पट्टी बांधलीय. आजची रात्र इथे ठेवू. पण चालणं आत्तापासून सुरू. समोरच्या खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं. कोण चालवणार त्यांना?"

"मी," थोरला म्हणाला.

"थांब, मी..." इन्स्पेक्टर उठली.

आत्यांनी हात आडवा केला आणि दोघांनाही मागे सारलं.

खोलीत संध्याकाळचं ऊन पलंगावर आलं होतं. मिस्त्री पाय लांब करून बसले होते, आणि दारात बहीण दिसताच त्यांचा चेहरा शिक्षा होणार असलेल्या पोरासारखा झाला. इन्स्पेक्टर उंबऱ्याशीच थांबली. थोरला-धाकटा तिच्या मागे, माना उंच करून.

आत्या पलंगाशी गेल्या. भावाच्या सपाता वाकून सरळ केल्या, पायाशी नीट लावल्या. मग समोर उभ्या राहून दोन्ही हात पुढे केले. ते हात थरथरत होते. सगळ्यांना दिसत होतं.

"ताई, हात कापतायत तुझे," मिस्त्री म्हणाले.

"हो. घाबरलेय मी," आत्या म्हणाल्या. "खूप घाबरलेय. ऊठ."

आणि मिस्त्री उठले.